डाळिंब्याचा खुराक

"खा की लेका! मिरची आहे, विष नाही," म्हणत दत्तूभाऊ मोघ्यांनी हिरवी मिरची पिंजऱ्याच्या तारांमधून आत सरकवली. लालभडक डाळिंब्या दांडीवर पिसं फुगवून बसला होता. त्याने एक डोळा उघडला, मिरचीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. वाटीतली भिजवलेली हरभऱ्याची डाळ जवळजवळ तशीच होती. चार दाणे खाली सांडले होते, त्यांनाच दत्तूभाऊ चार दिवस 'खाल्ले' म्हणत आले होते.

फोन वाजला. हॉस्पिटलमधून वसुधाताई.

"अहो, खातोय ना तो?"

"खातोय तर! तू तुझं बघ."

"पावडर उरलीय का डब्यात?"

"आहे की."

पावडर रविवारीच संपली होती. पण आजारी माणसाच्या कानावर वाईट घालायचं नाही, ही मोघ्यांच्या घरातली बत्तीस वर्षांची रीत. नोकरीतलं मेमो प्रकरण दत्तूभाऊंनी वसुधाताईंना दोन वर्षांनी सांगितलं होतं. छातीतली गाठ वसुधाताईंनी त्यांना सहा महिन्यांनी. आता वॉर्डात संध्याकाळी तासभर सोडत, बाकी सगळा संसार फोनवर. मोठ्या डॉक्टरांनी परवा दत्तूभाऊंना खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच त्यांना कळलं. यापुढचं औषध फक्त दुखू नये म्हणून होतं. तेही त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. ती फक्त डाळिंब्याचं विचारायची.

हा पक्षी इंद्रपुरीतल्या शेजाऱ्यांनी बदली झाल्यावर त्यांच्याकडे ठेवला होता, कागदपत्रांसकट. आल्या दिवसापासून दत्तूभाऊ त्याला पोपट म्हणत आणि वसुधाताई चिडत. "पोपटांच्याच घराण्यातला, पण लोरी आहे हो ती! पन्नासहून जास्त जाती आहेत त्यांच्या." मग मोबाइलवर चित्रं दाखवत. काळीकुट्ट लोरी, निळ्या डोक्याची, हिरव्या अंगावर सगळे रंग सांडलेली, चिमणीएवढी. आखूड शेपटीची ती लोरी, लांब शेपटीची लोरिकीट. कुठल्या कुठल्या बेटांवरच्या. "आणि ही सगळी मंडळी चोच वाकडी करून पेरूच खाणार ना?" असं म्हणून दत्तूभाऊ पेपर उलटत. रोज सकाळी कोमट पाण्यात पावडर कालवून, वर पपईची फोड कुस्करून ती काय करत बसते, हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नाही. त्यांच्या मते ते बायकी लाड होते. डबा संपला तेव्हा, चला, आता याला खरं जेवण मिळेल, असंच त्यांना वाटलं.

दुपारी डाळिंब्या दांडीवरून खाली उतरला आणि कोपऱ्यात मान टाकून बसला. दत्तूभाऊंनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, रिक्षा केली आणि बिट्टन मार्केटजवळचा पक्ष्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर मेघा ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, पोरसवदा मुलगी. तिने पक्षी तळहातावर घेतला, चोच उघडली आणि टॉर्च मारला.

"काय खायला देताय अंकल?"

"डाळ. मिरची. पोपटाला देतात तेच."

तिने टॉर्च पुन्हा चोचीत धरला. "इकडे या. जीभ बघा याची."

जिभेच्या टोकाला बारीक केस होते, रंगाऱ्याच्या ब्रशासारखे.

"लोरी फुलांतला मध चाटतात, अंकल. पराग खातात. आपला मिठ्ठू दाणे फोडतो, तसं यांना जमत नाही. पोटही नाजूक असतं. भरी थाली सामने रखके भूखा था बेचारा."

दत्तूभाऊंनी वाकून जीभ पुन्हा पाहिली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली होती त्यांनी. सारख्या दिसणाऱ्या दोन बेअरिंगांतला फरक डोळे मिटून बोटांनी सांगायचे. चुकीचा पार्ट एकदाही खिडकीबाहेर गेला नव्हता. निरोपसमारंभात साहेबांनी हेच एक वाक्य बोलून हार घातला होता.

"वाचेल ना, बेटा?"

"ग्लुकोज देते. कोशिश करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाचा फोन आला. तिने तीनदा सॉरी म्हटलं. दत्तूभाऊच उलट तिला "असू दे, असू दे" म्हणत राहिले.

बरोबर चार वाजता वसुधाताईंचा फोन. आवाज आता फोनमध्येही लांबून आल्यासारखा यायचा.

"अहो, फोन जरा पिंजऱ्यापाशी धरा ना. त्याची शीळ ऐकू दे. फार आठवण येते."

ती शीळ दत्तूभाऊंना पाठ होती. रोज सकाळी तिनेच त्यांच्या बातम्यांचा विचका केला होता. दोन सूर वर, मग एक लांबलचक घसरगुंडी. रिकाम्या पिंजऱ्यापाशी उभं राहून त्यांनी फोन हातभर दूर धरला आणि ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग शीळ आली.

"गुणी आहे माझा बाळ," वसुधाताई म्हणाल्या. "उद्या परत ऐकवा."

उद्या ऐकवली. परवाही. सकाळी दत्तूभाऊ गच्चीत जाऊन सराव करायला लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सुरुचीवहिनी कौतुकाने म्हणाल्या, "भाऊजी, या वयात शीळ? वहिनी घरी येतायत वाटतं?"

"हो हो," दत्तूभाऊ म्हणाले.

सहाव्या दिवशी शीळ संपली तरी वसुधाताईंनी कौतुक केलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "अहो, तो मध्ये दम घ्यायला थांबायचा नाही. तुम्ही थांबता."

दत्तूभाऊंनी पिंजऱ्याचं उघडं दार लावून घेतलं.

"कधी गेला?"

"शुक्रवारी. वसू, माझ्या हातून... मी त्याला डाळ..."

"बरं," वसुधाताई म्हणाल्या. "माझंही त्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ना?"

"हो."

"मलाही सांगितलंय." मग म्हणाल्या, "घाला ना शीळ अजून एकदा. आहे मी फोनवर."

दत्तूभाऊंनी या वेळी फोन दूर धरला नाही. कानाशीच ठेवला, कोरडे ओठ जिभेने ओले केले आणि शीळ घातली. मध्ये थांबत. दम घेत.