साहेबांनी स्वतः टाइप केलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. अंगावर गंज चढलाय, पण माझी कीव करू नका. गंजण्याचीच माझी लायकी आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. तिथून थेट एका वकिलाच्या ऑफिसात आलो. वकीलसाहेबांना माझं भारी कौतुक, पण टाइप करायचं म्हटलं की हात वर! नोटिसा, अर्ज, करारनामे, सगळं त्यांची टायपिस्ट करायची. रोज सकाळी ती ब्रशने माझी अक्षरं साफ करायची आणि सांध्यांत थेंबभर तेल सोडायची. एवढी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही.

तिला वकील व्हायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात ती प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची, समोर घड्याळ लावून. "आधी प्रश्न वाच, मग उतारा. किती वेळा सांगू तुला?" असं स्वतःलाच दटावायची. परीक्षेत ती पहिल्या दहांत आली. आता राहिलं होतं फक्त शिफारसपत्र. ते टाइप केलेलं हवं, बंद पाकिटात हवं आणि अर्जदाराने पाकीट उघडायचं नाही, असा कॉलेजचा नियम होता.

ती म्हणाली, "साहेब, तुम्हीच द्या ना. चार वर्षं माझं काम बघताय."

"अगं, हे काय सांगायला हवं?" साहेब म्हणाले.

दुपारी त्यांनी तिला कोर्टात पिटाळलं आणि स्वतः माझ्यापुढे बसले. दोन बोटांनी ठोकत त्यांनी लिहिलं, "कामात बरी आहे. मात्र अशिलांची गुपितं तिच्या पोटात राहत नाहीत." मी माझ्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकवून बघितल्या. त्यांनी त्या ओढून सोडवल्या. "ही गेली तर अशी टायपिस्ट आणायची कुठून?" असं पुटपुटत त्यांनी पत्र पुरं केलं. अक्षरं माझीच होती, मित्रांनो.

ती परतली. माझ्या वाकलेल्या दांड्या बघून तिचे डोळे भरून आले. "अगं बाई! साहेबांनी माझ्यासाठी स्वतः टाइप केलं!" तिने दांड्या सरळ केल्या, तेल घातलं. पाकिटाचा एक कोपरा नीट चिकटला नव्हता. तिने आत डोकावलंसुद्धा नाही. उलट डिंक लावून तो घट्ट दाबला.

महिन्याभराने नकार आला.

"त्या लोकांना माणसाची पारखच नाही," साहेब हळहळले. "पुढच्या वर्षी बघू. पत्राची काळजी करू नकोस, मी आहे ना!"

तिने त्यांचे मनापासून आभार मानले. असं तीनदा झालं. तिन्ही पत्रं साहेबांनी माझ्यावरच ठोकली. चौथ्या वर्षी तिने अर्ज आणलाच नाही. त्या प्रश्नपत्रिकांची घडी करून तिने माझ्या डुगडुगत्या पायाखाली सारली आणि नोटीस टाइप करायला घेतली.

मित्रांनो, शिफारसपत्र मागायला कुणाकडेही जा, पण तुमच्या जाण्याने ज्याचं काम अडणार आहे, त्याच्याकडे जाऊ नका. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र दिसलं, तर त्याला खुशाल गंजू द्या. मला तेल घालणारीचं मी काय केलं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.