सावरटोल्याच्या दुकानापुढे

डोमाने डोंग्याचं वल्हं बायकोच्या, रंभाच्या तोंडावर मारलं, तेव्हा ती पोटुशी होती. तो दुकानातून पिऊन आला होता आणि हंडीत भात नव्हता, एवढंच कारण. तिचा जबडा मोडला. ती खाली पडल्यावर त्याने कमरेत लाथा घातल्या. शेजारच्या बायांनी त्याला ओढून बाहेर काढलं तोवर तिचं लुगडं रक्ताने भिजलं होतं. मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी होती.

रंभाची माय गोकुळा त्याच गावात, सावरटोल्यात राहायची. नवरा मेल्यापासून ती स्वतः वैनगंगेत जाळं टाकायची आणि तिथल्या बाजारात मासळी विकायची. तिने नातीला नदीकाठी पुरलं, लेकीचा जबडा फडक्याने बांधला आणि तिला पेज भरवायला लागली. डोमा रडत दारात आला.

"माय, माह्या हातानं नाई झालं. दारूनं झालं."

"हात तं तुहाच होता," गोकुळा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी तो पुन्हा दुकानात होता.

दुकान बाजारातच होतं, पुढे पडवी आणि मागे मोहाची भट्टी. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण दारूच्या दुकानांचे लिलाव तसेच चालू होते. ठेकेदार चांद्याला राहायचा. इथे त्याचा माणूस बिरजू लाठी घेऊन बसायचा आणि उधारी न देणाऱ्याच्या घरातली भांडी उचलून आणायचा.

त्या उन्हाळ्यात वरोऱ्याहून अन्नपूर्णाबाई आल्या. खादीचं पातळ, पांढरे झालेले केस. बेचाळीस साली त्या जेलात जाऊन आल्या होत्या. देवळात राहून त्या बायांना गोळा करू लागल्या. रंभाचा बांधलेला जबडा त्यांनी पाहिला. मग म्हणाल्या, "दुकानापुढे बसू. रोज बसू. बंद होईपर्यंत."

"आन् त्यायनं मारलं तं?" गोकुळाने विचारलं.

"मार खायचा. हात उचलायचा नाही. तशी शपथ घ्यायची."

जंगलातल्या गावाहून सोमारी नावाची गोंड बाई आली होती. ती म्हणाली, "बाई, आमची मोहाची देवाले लागते. ते मी सोडनार नाई."

"देवाची देवाला दे. आपलं भांडण या दुकानाशी आहे."

"मंग बसतो," सोमारी म्हणाली.

बाजाराच्या दिवशी त्या बसल्या. गिऱ्हाइकाला आत जायचं तर बायांना ओलांडून जावं लागे, आणि आपल्याच गावातल्या बायांना ओलांडायला पुरुषांना जड जाई. दुपारपर्यंत पडवी रिकामी राहिली. बिरजूने आधी शिव्या दिल्या. मग भट्टीतला आंबलेला मोहाचा चोथा घमेल्याने त्यांच्या अंगावर ओतला. बाया हलल्या नाहीत. तेव्हा त्याने लाठी उचलली.

पहिला तडाखा सोमारीच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गोकुळाने ऐकला. सोमारीने ओठ चावला, तोंडातून रक्त आलं, पण ती बसूनच राहिली. मग बिरजूने अन्नपूर्णाबाईंचे केस धरले आणि त्यांना मातीतून फरफटत नेलं. डोकं पडवीच्या दगडावर आपटलं.

"हात उचलू नका," त्या ओरडल्या. "कोणी हात उचलू नका!"

भोवती गर्दी जमली होती. गर्दीतून डोमा पुढे आला. तो सकाळपासून प्यालेला होता. रांगेत बांधल्या तोंडाने बसलेली रंभा त्याला दिसली.

"माही इज्जत रस्त्यावर आणून राह्यली काय?" असं म्हणत त्याने तिच्या बांधलेल्या जबड्यावर लाथ मारली.

रंभाला ओरडताही आलं नाही. घशातून नुसता घरघर आवाज निघाला.

गोकुळा उठली. बिरजूच्या हातातली लाठी तिने हिसकावली ती अशी की तो तोल जाऊन पडला. तिने डोमाच्या डोक्यात मारलं. तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा मारलं. बाया तिला धरायला धावल्या, तोवर ती मारतच होती, आणि डोमा हलायचा थांबला तरी मारत होती.

त्यानंतर कुणीच कुणाचं ऐकलं नाही. बायांनी मडकी फोडली. भट्टीची जळती लाकडं ओढली आणि पडवीच्या गवती छपराला आग लागली. बिरजू पळायला लागला, त्याला आडवं पाडून तुडवलं. त्याचा हात कोपरातून मोडला. जळक्या दारूचा वास साऱ्या बाजारात पसरला. अन्नपूर्णाबाई रक्ताळल्या तोंडाने प्रत्येकीचा हात धरत होत्या आणि प्रत्येक बाई त्यांचा हात झटकत होती.

डोमा तिथेच मेला.

चांद्याच्या कोर्टात गावचा एकही माणूस बोलायला तयार नव्हता. कोणी म्हणे माझी तिकडे पाठ होती, कोणी म्हणे धूर होता. बिरजूची साक्ष दारूवाल्याची म्हणून गोकुळाच्या वकिलाने खोडली. गोकुळा सुटेल असं सगळ्यांना वाटायला लागलं. मग अन्नपूर्णाबाईंना बोलावलं.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," त्या म्हणाल्या. "गोकुळाबाईंनीच मारलं. पण आधी त्यांच्या लेकीला काय झालं, तेही लिहून घ्या."

त्यांनी सगळं सांगितलं, वल्ह्यापासून लाथेपर्यंत. न्यायाधीशाने फाशी दिली नाही. जन्मठेप दिली. बेड्या घातलेली गोकुळा त्यांच्याजवळून जाताना थांबली.

"मी शपथ मोडली बाई," ती म्हणाली. "पन मले वाईट वाटून नाई राह्यलं."

शिपायाने तिला पुढे ओढलं.

बाहेर रंभाने अन्नपूर्णाबाईंना गाठलं. जबडा वाकडा जुळला होता, शब्द ओढून बोलावे लागत.

"येक खोटं बोल्ली असती तं माही माय घरी आली असती. काऊन नाई बोल्ली?"

"मला जमलं नाही गं."

रंभा त्यांच्या पायापुढे थुंकली आणि निघून गेली.

पावसाळ्यानंतर ठेकेदाराने दुकान पुन्हा उभं केलं. या वेळी पडवीला पत्रे होते. सावरटोल्याच्या बाया भीतीने घरात बसल्या. अन्नपूर्णाबाई एकट्याच जाऊन दुकानापुढे बसल्या. कपाळावरच्या जखमेचा व्रण अजून लाल होता.

रंभा मासळीची पाटी घेऊन बाजारात आली होती. तिने त्यांना पाहिलं. वाकडा हात घेऊन बिरजू बाहेर आला, तेही पाहिलं. त्याने डाव्या हाताने लाठी मारली. म्हातारी आडवी झाली, उठून बसली. त्याने पुन्हा मारली.

रंभा पाटी ठेवून गेली आणि अन्नपूर्णाबाईंच्या पुढ्यात बसली. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

"उठ इथून," बिरजू म्हणाला. "तुह्या मायनं माणूस मारला."

"मारला," रंभा म्हणाली. "मी नाई मारत. तू मार."

लाठी तिच्या पाठीत बसली. मग मानेवर. ती कलंडली, हात टेकून सरळ झाली. तांदूळ मोजणारे, मिरच्या विकणारे थांबून बघत होते. सोमारी मोहाफुलांची टोपली सोडून आली आणि शेजारी बसली. मग आणखी एक आली. मग कोणीकोणी येतच राहिल्या. बिरजूने आणखी दोघींना मारलं आणि मग डावा हात खाली सोडला. तो दमला होता.

त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस कोणी आत गेलं नाही. पुढच्या लिलावात सावरटोल्याच्या दुकानावर कोणी बोली लावली नाही.

रंभा वर्षातून एकदा नागपूरच्या जेलात मायला भेटायला जायची. गाडीचं तिकीट अन्नपूर्णाबाई काढायच्या. दोघी एकाच बाकावर बसून जायच्या-यायच्या, आणि परतताना वरोऱ्याला अन्नपूर्णाबाई उतरेपर्यंत रंभा त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही.