समोरचा दात आणि दोन फोन

डॉक्टरांनी दातावर बसवायची कॅप दुसऱ्यांदा परत पाठवली तेव्हा धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिली पिवळी म्हणून परत आली होती, आता ही पांढरी म्हणून. दात समोरचा, पेशंट हसला की आधी तोच दिसणार. "तिसरीही जुळली नाही तर काम दुसऱ्या लॅबला देईन," असा डॉक्टरांचा निरोप होता. भावाबहिणीची ती कृत्रिम दात बनवायची लॅब चालायची मुख्यतः याच डॉक्टरांवर. आजवर त्यांच्याकडून दाढाच यायच्या, त्यांचा रंग कोण बघतो? समोरचा दात पहिल्यांदाच मिळाला होता.

"तुझा फोन रंग खोटे दाखवतो," दादा म्हणाला. "किती वेळा सांगितलं, माझ्या कंपनीचा घे."

"तुझ्या कंपनीचा फोन दुपारीच मान टाकतो. माझा प्लास्टरच्या हातांनी उचलला तरी कुरकुरत नाही."

"बॅटरीनं दात रंगवतेस का?"

"आणि तू काय, कंपनीच्या नावानं?"

हे भांडण जुनंच. डॉक्टर दाताचा फोटो दादाला पाठवायचे, दादा तो धाकटीला धाडायचा आणि ती आपल्या फोनवर बघून पोर्सलीनचे थर चढवायची. वहिनीनं वैतागून दादाच्या फोनला 'शहाणा' आणि धाकटीच्या फोनला 'गाढव' अशी नावं ठेवली होती.

या वेळी मात्र सोक्षमोक्ष लावायचाच, असा धाकटीनं चंग बांधला. विज्ञानाची पदवी काही उगाच घेतली नव्हती. परत आलेली कॅप खिडकीत ठेवून तिनं दोन्ही फोननी सारख्याच अंतरावरून फोटो काढले आणि आपल्या फोनवर शेजारी शेजारी लावले.

"बघ, तुझा निळसर!"

दादानं तेच दोन फोटो आपल्या फोनवर उघडले. "आता बघ, तुझा पिवळट!"

"आपापल्या आरशात बघून दुसऱ्याचं तोंड वाकडं ठरवताय," वहिनी साच्यावरचं मेण खरवडत म्हणाली.

धाकटी ओशाळली. वहिनी बरोबर बोलत होती. तिनं रंगछटा जुळवायच्या डब्यातला नमुन्याचा दात काढून कॅपशेजारी ठेवला आणि पुन्हा फोटो काढले. शहाण्यावर दोन्ही निळसर, गाढवावर दोन्ही पिवळट. पण नमुन्यापेक्षा कॅप किती फिकट, ते दोन्हींकडे सारखंच दिसत होतं.

"दादा, डॉक्टर फोटो काढताना शेजारी असाच नमुना धरत नाहीत?"

"धरतात की. दरवेळी."

"मग मला कसा दिसत नाही?"

"मी कापतो ना तो! पेशंटचा दात तुला मोठा दिसावा म्हणून. माझ्या फोनवर काय सुरेख कापता येतं!"

धाकटीला हसावं की रडावं कळेना. दोन कॅपा भट्टीतून निघाल्या, डोळे फुटायची वेळ आली, आणि हा माणूस नेमका नमुनाच कापत होता! आणि आपण? आपणही कधी विचारलं नाही.

"मूळ फोटो?"

"पुसला. जागा भरली होती."

"डॉक्टरांना फोन लाव. खरं काय ते सांग."

"जरा थांबू. ते जेवत असतील."

"दादा!"

दादानं फोन लावला. आवाज मांजरासारखा झाला होता. त्यानं सगळं सांगून टाकलं. मग डॉक्टर म्हणाले, "कापत होतात?" आणि फोन ठेवून त्यांनी फोटो पुन्हा पाठवला.

"माझ्यावर बघ, स्क्रीन मोठी आहे," दादा म्हणाला. तिनं दोन्हींवर बघितलं. हिरडीजवळ दात नमुन्यापेक्षा जरासा गडद होता. इतकंच तर हवं होतं. तिनं पोर्सलीनची पावडर कालवायला घेतली.

तिसरी कॅप परत आली नाही. शाबासकीही आली नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडून काम आलं, ती दाढ होती. नंतरचीही दाढच. समोरचे दात ते आता कुणाकडे देतात, हे विचारायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.