कानपुरात आपलं कोण?

आप्पासोंनी चहाची बशी बाजूला सारली, मोबाइल सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि स्पीकर सुरू केला.

“लाला, बोल रं. सगळी ऐकत्यात.”

पलीकडं भट्टीचा पंखा घोंघावत होता. गावातल्याच लालासाहेबाचं कानपुरात गलाईचं दुकान होतं. म्हणजे सोनारांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी घरं याच धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. त्यामुळं इथं कुठल्याही शहराचं नाव काढा, ते किती मोठं आहे हे कुणी विचारत नाही. तिथं आपलं कोण आहे, एवढंच विचारतात. संयोगिताला कानपूरच्या आयआयटीत गणिताच्या एम. एस्सी.साठी जागा मिळाली, तेव्हा तिच्या वडलांनी, अर्जुनानंही आधी तेच विचारलं होतं.

लालासाहेब ओरडूनच बोलत होता. “आवं आप्पासो, लय मोठं कॉलेज हाय. हितं बाजारात दोन माणसं भांडली, की एकमेकाला म्हणत्यात, तू काय आयआयटीत शिकलाईस व्हय?”

“भांडणात नाव निघतंय, ते कॉलेज चांगलं म्हणायचं का?” आप्पासो म्हणाले. ते संयोगिताचे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि त्यांचं मत पुण्याला होतं. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठानंही तिला घेतलं होतं. “पुण्यातनं रातच्या गाडीनं माघारी येता येतं. शिवाय तिथं कंपन्या कॉलेजातच येत्यात आन् पोरं उचलून नेत्यात.”

“पोरं म्हंजी काय ऊस हाय व्हय, तोडला की उचलला?” रंगूबाई आतून म्हणाली. लेकीच्या बाजूनं बोलणारी घरात ती एकटीच, तीसुद्धा चुलीपुढून.

“वहिनी, नुसतं नाव काय चाटायचंय?”

“नावासाठी न्हाई जायचं मला, आप्पा,” संयोगिता म्हणाली. “पुण्यात मला नोकरी शिकवतील. तिथं गणित शिकवतील. मला ते पायजे. नोकरी तर त्या नावानं दारात येईल.”

आप्पासोंना हे पटलं नाही, पण पोरीचा आवाज ऐकून त्यांनी बशी परत पुढ्यात ओढली. होकार कळवायला सोमवारपर्यंतच मुदत होती आणि आज शनिवार होता. खरं तर वाद या दोघांचा नव्हताच. ठरवायचं अर्जुनानं होतं, आणि तो भिंतीला टेकून बियाण्याच्या शेंगा फोडत बसला होता. त्यानं हातातला दाणा सुपात टाकला आणि फोनकडं वाकला.

“लाला, तू आत जाऊन बघितलंस का? पोरी कशा ऱ्हात्यात, दुखलंखुपलं तर कोण बघतं?”



“भट्टी सोडून कुठं जातोय गड्या मी,” लालासाहेब म्हणाला. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

अर्जुना पुन्हा शेंगा फोडायला लागला. पोरवयात तो स्वतः गलाईला गेला होता, जमशेदपूरला. तिथं टायफॉईडनं अंथरुणाला खिळला, मालक गावी आलेला, आणि पाणी द्यायलाही ओळखीचं माणूस नव्हतं. हे त्यानं लेकीला कधी सांगितलं नाही. तिला आईकडून कळलं होतं. म्हणून तिला त्याचा राग येत नव्हता. प्रवेश परीक्षेला हाच माणूस तिला मोटारसायकलवरून सांगलीला घेऊन गेला होता आणि ती बाहेर येईपर्यंत उन्हात फाटकाशी उभा होता. पेपर कसा गेला, हेसुद्धा त्यानं विचारलं नव्हतं. आधी उसाचा रस पाजला होता. त्यानं नाही म्हटलं तर ती पुण्याला जाणार होती, मनापासून जाणार होती. पण रात्रभर तिला झोप आली नाही.

रविवारी जेवणं उरकत आली होती, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. रंगूबाईनं पदराला हात पुसून तो घेतला आणि सगळ्यांना हाका मारल्या. काल भट्टीपुढून ओरडणारा लालासाहेब आज इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात होता, डोक्यावर टोपी होती आणि घामानं निथळत होता. मागं भलंमोठं फाटक दिसत होतं.

“भट्टी बंद ठिवली आज,” तो म्हणाला. “अर्जुना, काल तू इचारलंस आन् मला घास गोड लागंना. इतकी वर्सं झाली, ह्या फाटकावरनं कितींदा गेलो. आत जायाचं कवा मनातच आलं न्हाई. आपलं काय काम हितं!”

“मग गेलास का आत?” आप्पासोंनी विचारलं.

“न्हाई सोडलं. पण बाहेर येणाऱ्या पोरींना इचारलं. आत दवाखाना हाय, रातीबी उघडा असतोय. एक पोरगी तर चपला घालून, साध्या कपड्यात सायकलवर. मी म्हटलं, आपली संयोगिता अशीच दिसंल.”

ज्या माणसाला तिनं दोन लग्नांत लांबून पाहिलं होतं, तो तिच्यासाठी धंदा बुडवून मे महिन्याच्या उन्हात उभा होता. “लालाकाका, सावलीत थांबा की,” एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसले नाहीत.

“थांबतो, थांबतो. पर गंमत ऐका. पहारेकरी म्हनला, किससे मिलना है? आता काय सांगू? तोंडातनं निघून गेलं, संयोगिता अर्जुना शिंदे, गाव विटा. त्यानं बिचाऱ्यानं आत फोन लावला, चौकशी केली. मग म्हनला, चाचा, इस नाम की कोई लड़की यहाँ नहीं है।”

आप्पासो हसले. रंगूबाईही हसली.

अर्जुनानं खरकटा हात ताटातच धुतला, धोतराला पुसला आणि बायकोच्या हातातून फोन घेतला. त्यातलं फाटक त्यानं डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

“लाला,” तो म्हणाला, “अजून हायस न्हवं तिथं? त्या पहारेकऱ्याला सांग. येतीया म्हणावं.”