मधल्या हुकाची हंडी

निवृत्तीनंतर आपण कलावंत होणार, हे विश्वासराव पाटणकरांनी चारबाग स्टेशनावरच्या निरोपसमारंभातच जाहीर करून टाकलं. सगळे हसले, कारण अशा भाषणात एक विनोद असतोच. पण महिन्याभरात ते फैजाबाद रोडची बस धरून चिनहटला जायला लागले आणि कंदिलाच्या काचा करणाऱ्या एका कारखान्यात, नब्बन उस्तादांच्या भट्टीपाशी, लोखंडी फुंकणी तोंडाला लावून उभे राहिले. उभा जन्म रेल्वेचे पूल तपासण्यात गेलेला. पुलात फुंकर मारावी लागत नाही, त्यामुळे आधीचा अनुभव काही कामाला आला नाही.

पहिल्या वर्षी हातून जे निघालं त्याला आकार होता, नाव नव्हतं. पत्नी सुलभाबाई त्यातला एकेक नग दिवाणखान्यात मांडताना विचारायच्या, "हे कारलं की रताळं? पाहुण्यांना सांगायला बरं पडतं." मुलगी कल्पना मराठीत ऐकायची आणि हिंदीत निकाल द्यायची, "पापा, ये वाला पेपरवेट अच्छा है." ती फुलदाणी होती.

त्र्याऐंशी सालच्या श्रावणात मात्र हंडी झाली. देवापुढे टांगतात तशी, गोल, आत दिवा ठेवायची. सोड्याच्या फुटक्या बाटल्या वितळवलेल्या म्हणून हिरवट, आणि ऐन वेळी विश्वासरावांना खोकला आला म्हणून जराशी डावीकडे झुकलेली. उस्तादांनी ती उजेडात धरून बराच वेळ फिरवली.

"पाटणकर साहब, अब इसे छिपाइए मत. कहीं टाँगिए."

विश्वासरावांनी जागा आधीच हेरली होती. मराठी मंडळाच्या गणपतीपुढे दोन जुन्या हंड्या लागत. मधली कधीतरी फुटली होती आणि तिचा हुक वर्षानुवर्षं रिकामा होता. "गणेशोत्सव में देखने आइए," ते म्हणाले. "आप बुलाएँगे तो क्यों नहीं आएँगे," उस्ताद म्हणाले.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष रमाकांत मुजुमदारांनी हंडी दुरूनच पाहिली. मुजुमदार केंद्र सरकारातले मोठे अधिकारी.

"तत्त्वतः काहीच हरकत नाही," ते म्हणाले. म्हणजे हरकत होती. "पण तोंडाने फुंकलीत ना? उष्टी झाली की हो ती."

"मग शंख काय पंपाने वाजवता?"

"शंख धुतो आपण. आणि तो आपल्याच मंडळींच्या तोंडी असतो. तुमची ती फुंकणी तुमच्याआधी कोणाच्या तोंडात होती, हे मी विचारत नाहीये."

समितीने खाली बघून चहा प्यायला.

इथे विश्वासरावांनी इंजिनियरची चूक केली. पुरावा दाखवला की माणसं मानतात, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी शिडी मागवली, जुन्या दोन्ही हंड्या उतरवल्या आणि बुडाचा खरखरीत वण प्रत्येकाच्या बोटाला लावून दाखवला. "फुंकलेली काच दांडीवरून तोडताना राहतो हा. याही तोंडानेच फुंकलेल्या. इतकी वर्षं देवाने चालवून घेतलंच ना?"

मुजुमदारांनी वणावरून दोनदा बोट फिरवलं, मग ते रुमालाला पुसलं. पुरावा बिनतोड होता. समितीने तो एकमताने मान्य केला आणि तिन्ही हंड्या रद्द करून ट्यूबलाइट लावायचं ठरवलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी, मंडळाला जुन्या चुकीतून बाहेर काढल्याबद्दल विश्वासरावांचा श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते नको म्हणत होते. लोकांना तो विनय वाटला. नारळ घेऊन ते मंचावरून उतरतात तोच मंडपाच्या दारात नब्बन उस्ताद, इस्त्रीचा कुर्ता घालून, चपला हातात धरून उभे.

"कहाँ टँगी है, साहब?" उस्ताद वर बघत होते. वर ट्यूबलाइट फडफडत होती.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य विश्वासरावांच्या ओठांपर्यंत आलं, आणि त्यात 'उष्टी' या शब्दाशेजारी उस्तादांचं तोंड येतं हे त्यांना दिसलं.

"टूट गई," ते म्हणाले.

उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काँच है, टूटेगी ही. दिल छोटा न कीजिए. सोमवार को टुकड़े लेते आइए, उसी से दूसरी बनाएँगे."

घरी हंडी सुलभाबाईंच्या जुन्या साडीत गुंडाळलेली होती, धडधाकट. विश्वासराव बत्ता घेऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी झाली हकीकत सांगितली.

"बाटलीचे तुकडे न्या की," सुलभाबाई म्हणाल्या. "तेही हिरवेच."

"उस्ताद ओळखतील. त्यांनी हातात धरून बघितलीय ती."

सुलभाबाईंनी हंडी उचलली, दिव्याच्या उजेडात धरली, अगदी उस्तादांसारखी फिरवली. "या वेळी कारलं नव्हतं हो झालं," त्या म्हणाल्या आणि ती खाली ठेवून आत गेल्या. आतून आवाज आला, "हात चालवायचाच असेल तर आधी तो नारळ फोडा. मोदकांना खोबरं हवंय."

नारळ पहिल्याच फटक्याला फुटला. ओला बत्ता धरून विश्वासराव हंडीकडे वळले. जमिनीवर ठेवलेली हंडी डावीकडे डोलायची आणि हळूहळू थांबायची. थांबली की मारू, असं त्यांनी ठरवलं. आणि थांबली, की दुसऱ्या हाताच्या बोटाने ते तिला पुन्हा हलवत होते.