मधला रिले

आमचे हे नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या तारा थेट हीटरला जोडायला निघाले, तेव्हा वायरमनने त्यांचा हात धरला. "अहो, हे नाजूक यंत्र आहे. हीटरचा करंट त्याला पेलणार नाही, जळून जाईल. मध्ये रिले लागतो. याचं ऐकायचं आणि त्याला चालवायचं."

"आमच्या घरी ते काम मी करते," मी म्हणाले. बापलेकांचा अबोला होता आणि सगळे निरोप माझ्यामार्फत जात.

रिले उद्या मिळणार होता. सासरे कुडकुडत म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, मला थंडी वाजतेय."

"मामंजी, आज रिले नाही," म्हणत मी भजन गुणगुणत बसले.

शेवटी हे रजई घेऊन उठले. "बाबा, जरा सरका."

"नीट पांघरून घे," सासरे पुटपुटले. "पाय बर्फासारखे आहेत तुझे."