साकोलीवालीचा लॅपटॉप

बुद्धवंदना आटोपली तरी माणसं विहाराच्या ओसरीवरून हलेनात. आज बाजूच्या रिकाम्या खोलीचा फैसला होता. हर्षाला तिथं पोरींचा संगणकाचा वर्ग काढायचा होता आणि मंगेशला मंडपाच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. समितीचे तेजरामजी म्हणाले होते, "वंदनेनंतर मशीन चालू करून दाखव बाई, खोली तुले. नाही तं मंगेशले." मंगेश तर खुर्च्यांनी गाडी भरूनच आला होता.

मशीन म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा लॅपटॉप. विंडोज नुसतं रांगतं म्हणून हर्षाच्या भावानं, विनोदनं, टाकून दिलेला. तान्हा सुगत पाळण्यात झोपला की हर्षा या दुसऱ्या हट्टी लेकराशी झटायची. विंडोजच्या जागी फुकटातलं, हलकं लिनक्स बसवायचं होतं, पण आधी तो ते भरलेल्या पेनड्राइव्हलाच दाद देईना. प्रोसेसर चौसष्ट बिटचा, पण बटण दाबल्यावर त्याला जागं करणारा आतला प्रोग्राम बत्तीस बिटचा. तसल्या यंत्राला चालणारं लिनक्स तिनं शोधून काढलं आणि आज सकाळी ते बिनतक्रार बसलंसुद्धा.

तिनं सगळ्यांसमोर पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ: चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"हे तं मेलं वाटते," तेजरामजी म्हणाले.

"वहिनी, उतरवू का मंग खुर्च्या?" मंगेशनं विचारलं.

"थांबा ना भाऊजी. तुमचा मंडप पडते तवा लोक लग्न मोडते का?"

ओसरीवर हशा पिकला. हर्षा हसली नाही. लिनक्स आत आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग हा नाही काहून म्हणतो?

तेवढ्यात सुगतनं सूर लावला. सासूनं, तुळसाबाईनं, त्याला तिच्या मांडीवर दिलं. "पाज त्याले आधी. मशीन काही उपाशी नाही मरत." हर्षा भिंतीकडं वळून पदराआड त्याला घेऊन बसली. डोळे मात्र त्या ओळीवरच.

आठवीतली रीना धापा टाकत आली. "मावशी, कुरिअरवाला तुमचं घर धुंडून राहिला होता! हर्षा कुठं राहते, हर्षा कुठं राहते. कोणालेच मालूम नाही. मी म्हटलं, अगा, साकोलीवाली म्हण! मंग सारेच बोट दाखवाले लागले."

"खरंच व," तुळसाबाई म्हणाली, "माहेर साकोलीचं, तं साऱ्या गावाची साकोलीवालीच. हर्षा म्हटलं तं मलेही घडीभर आठवलं नसतं."

पुन्हा हशा. हर्षाचा हात मात्र सुगतच्या पाठीवर थबकला. लॅपटॉपही या गावासारखाच की! स्वस्तातली ही यंत्रं एकाच ठरलेल्या फोल्डरात, एकाच ठरलेल्या नावाची फाईल बघतात. लिनक्सनं आपलं बिऱ्हाड स्वतःच्या नावाच्या फोल्डरात थाटलं होतं. तिथं कोण विचारायला जातो?

"रीना, पेनड्राइव्ह दे."

सुगत मांडीवर पेंगला होता. एका हातानं त्याला थोपटत, दुसऱ्या हातानं तिनं पेनड्राइव्हवरून यंत्र उठवलं, चालू करणारी फाईल शोधली, तिची एक प्रत त्या ठरलेल्या फोल्डरात नेली आणि ठरलेलं नाव दिलं. पेनड्राइव्ह काढून पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा राहिला. मंगेशनं गाडीची दोरी सोडायला हात घातला. आणि पडदा निळा झाला, कोपऱ्यात घड्याळ उमटलं.

"झालं! आता बंद नको करू बाई," तेजरामजी घाईनं म्हणाले. "असंच राहू दे."

"काहून मामाजी? रोज बंद होईल, रोज चालू होईल, तवाच वर्ग चालंन." तिनं रीनाला पुढं ओढलं. "तू कर बंद."

"मी? मंग चालू नाही झालं तं?"

"तं काहून नाही झालं, ते पाहू. पहिला धडा तोच."

रीनानं जीव मुठीत धरून लॅपटॉप बंद केला. तिनं बटण दाबलं आणि हर्षाकडं पाहिलं. हर्षा पडद्याकडं बघतही नव्हती. ती सुगतचं टोपडं सारखं करत होती.

"आला!" रीना ओरडली. सुगत दचकून जागा झाला.

"आता यालेही बंद करून दाखव," तुळसाबाई म्हणाली, आणि तेजरामजींनी मंगेशला गाडी वळवायची खूण केली.